दारुड्या घरी गेल्यावर काय करतो? आपल्या नाटक-सिनेमांतील मद्यपी आणि त्याचे घर

मास्तर_खानापूर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या यात्रेत तिसऱ्या रात्री गावातलीच मुले नाटक करतात आणि त्यांच्या तालमी घेण्याचे काम गेली एकवीस वर्षे माझ्याकडे आहे. पडदे आणि दिवे भाड्याने येतात, स्त्रीभूमिकांसाठी नट्या कोल्हापूर-मिरजेकडून येतात, आणि नाटक कौटुंबिक असो की ऐतिहासिक, त्यात एक दारुड्या असतोच. लेखकाने तो लिहिलेला नसेल तर आम्ही घालतो. एका शिवकालीन नाटकातसुद्धा आम्ही मोगल सरदाराचा हुजऱ्या झिंगलेला दाखवला होता, हे आज कबूल करताना थोडी लाज वाटते.

गेल्या वर्षी हे काम ज्या मुलाने केले तो स्वतः पीत नाही. त्याच्या बाटलीत कोरा चहा होता. तो विंगेतून झुलत आला की शिट्ट्या पडायच्या आणि बक्षिसाच्या नोटा पुढे यायच्या. आमच्याकडे बक्षीस देणाऱ्याचे नाव माइकवरून पुकारतात, त्यामुळे प्रवेश दर दोन मिनिटांनी अडायचा. पहाटे चारच्या सुमारास नाटक संपले. मंडपातल्या ताडपत्र्या गुंडाळत असताना एक बाई जवळ आली, झोपलेले मूल तिच्या खांद्यावर होते. ती म्हणाली, "गुरुजी, त्यो घराकडं गेल्यावर काय करतोय, ते बी एकदा दाखवा की." एवढे बोलून ती निघून गेली. पन्नास रुपयांचे बक्षीस देणाऱ्यांत तिच्या नवऱ्याचे नाव दोनदा पुकारले गेले होते, हे माझ्या ध्यानात नंतर आले.

यंदाचे नाटक ठरवायचे आहे, म्हणून हा धागा काढतो. माझी समजूत अशी झाली आहे की आपल्या नाटक-कादंबऱ्यांना आणि सिनेमांना पहिला प्याला ठाऊक आहे आणि शेवटचाही ठाऊक आहे. मधली जी दहा-पंधरा वर्षे असतात, ज्यांत माणूस मरत नाही, सुधारत नाही, रोज संध्याकाळी फक्त घरी येतो, ती वर्षे कोणी लिहीत नाही. दुसरे असे की आपल्याकडे कारणाशिवाय पिणारे पात्र मला आठवत नाही. 'एकच प्याला'तल्या सुधाकराचा भर न्यायालयात अपमान होतो आणि वकिलीची सनद काही काळासाठी जाते. देवदासाला पारो मिळत नाही. १९८४ च्या 'शराबी'तल्या नायकाला बापाचे प्रेम मिळालेले नाही. आमच्या गावात पिणारी माणसे मी बोटांवर मोजू शकत नाही, पण त्यांतल्या एकालाही असे भरजरी कारण नाही. उसाच्या तोडणीचा पगार झाला, चौघे बसले, सवय लागली. मग ही कारणे लेखक कोणासाठी शोधतात? प्रेक्षकाला त्या माणसाची कीव यावी म्हणून, की आपल्या घरातला माणूस वेगळा आहे असे त्याला वाटावे म्हणून?

घर दाखवणारी कोणती कलाकृती आपणांस आठवते, ते सांगावे.

रंगपट_टिळकवाडी

मास्तर, प्रश्न चांगला आहे, पण गडकऱ्यांवर थोडा अन्याय झाला आहे, म्हणून आधी ते निस्तरतो.

'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर काही आठवड्यांतच. पदे लिहायलाही ते उरले नव्हते, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. नाटकाची ख्याती पदांमुळे आणि बालगंधर्वांच्या सिंधूमुळे इतकी झाली की मूळ संहितेत काय आहे, ते लोक विसरले. आपण म्हणता ती मधली वर्षे त्यात आहेत. सुधाकर एकदा दारू सोडतो, हे किती जणांना आठवते? तो शुद्धीवर येतो, पश्चात्ताप पावतो, ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे काम मागायला जातो, तिथे झिडकारला जातो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. रामलालपुढे तो व्यसनाच्या पायऱ्या ज्या रीतीने उलगडून सांगतो, ते भाषण भाषेच्या नटवेपणातून सोलून काढले, तर आजच्या समुपदेशकानेही मान डोलवावी असे आहे. सोडणे एकवेळ जमते, सोडलेले टिकवणे जमत नाही, ही गोष्ट गडकऱ्यांना १९१९ पूर्वी कळलेली होती. अमेरिकेत मद्यपींनी एकमेकांना सावरण्यासाठी 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' सुरू केली ती त्यानंतर, १९३५ मध्ये.

आणि तळीराम. त्याला काही कारण आहे का? तो पितो कारण त्याला प्यायचे आहे, आणि पिण्याला प्रतिष्ठा यावी म्हणून तो 'आर्यमदिरामंडळ' काढतो. आपल्या गावातली चौघांची बैठक तीच आहे, फक्त तिला नाव नाही. आपण दारुड्या म्हणून सुधाकर डोळ्यांसमोर आणता, मी तळीराम आणतो.

त्याआधी, १९१३ मध्ये, खाडिलकरांचे 'विद्याहरण' आले होते. त्यात कचाची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांना पाजली जाते आणि शेवटी तेच मद्याला शाप देतात. म्हणजे संगीत रंगभूमी भरात होती तेव्हापासून हा विषय तिच्यावर आहे. (ज्यांनी ही संगीत रंगभूमी उभी केली ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे अवांतर असले तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.) पुढे अत्र्यांनी 'ब्रँडीची बाटली' लिहिली, मास्टर विनायकांनी १९३९ मध्ये तिचा चित्रपट केला, आणि त्याच वर्षी मुंबईत दारूबंदी आली. रडवण्याकडून हसवण्याकडे येण्यास आपल्याला वीस वर्षे लागली, असे म्हणता येईल.

निपाणीकर_अक्का

रंगपट दादा, संहिता आपण बारकाईने वाचलेली दिसते, म्हणून आपल्यालाच विचारते. सिंधू शेवटी काय करते? नवऱ्याच्या हातून मूल जाते, तिला स्वतःला मरणाचा मार लागतो, आणि पोलीस विचारायला येतात तेव्हा ती त्याला वाचवते. माझी आजी हे नाटक पाहून आली होती आणि कितीतरी वर्षे त्या प्रसंगाची गोष्ट सांगताना पदर डोळ्याला लावायची. आईने ती गोष्ट ऐकली आणि आईने तेच केले. डोक्याला टाके पडले तेव्हा दवाखान्यात तिने "हौदावर पाय घसरला" असे लिहून घ्यायला लावले. मी शेजारी उभी होते, सातवीत होते. नाटकाने हे शिकवले असे मी म्हणत नाही, शिकवायला घरी-दारी पुष्कळ होते. पण नाटकाने त्या खोट्याला टाळ्या मिळवून दिल्या.

मास्तरांनी घर विचारले आहे, तर माझे सांगते. आई विड्या वळायची. सूप मांडीवर, तेंदूची पाने ओल्या फडक्यात, जरदा, दोऱ्याचे रीळ, आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी. मजुरीचा दिवस शनिवार. शनिवारी वडील दुपारपासूनच फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचे. म्हणून आई त्या दिवशी निम्मे पैसे मैत्रिणीच्या हाती द्यायची आणि ती मैत्रीण रविवारी पीठ मागायच्या निमित्ताने आमच्याकडे येऊन पिठाच्याच डब्यात ते ठेवून जायची. आमचा कुकर चार वर्षे शेजारच्या काकूंच्या घरी होता. भात तिकडे शिजायचा आणि मी पातेल्यात घालून आणायचे, कारण कुकर आमच्या घरात असता तर विकला गेला असता. तांब्याची घागर आधीच गेली होती. वडिलांनी घरातली एकही वस्तू फोडली नाही, हे पण लिहिते. ते मोडत नव्हते, विकत होते. सिनेमात पाहावे तर दारुड्या नेहमी भांडी फेकतो.

मला आजवर असे एकही पडद्यावरचे घर आठवत नाही, ज्यात दारुड्याच्या बायकोला हिशेब करताना दाखवले आहे. ती रडते, देवापुढे बसते, गाणे म्हणते. आमच्या घरी गाणे म्हणायला सवड कोणाला होती?

मागावरचा_वडगाव

अक्कांच्या प्रतिसादानंतर लिहिणे अवघड आहे, तरी विनोदी दारुड्याची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

जॉनी वॉकर हे मुंबईत बसचे कंडक्टर होते. बलराज साहनींनी त्यांना हेरले आणि गुरुदत्तपुढे दारुड्याचे सोंग करून दाखवल्यावर त्यांना 'बाजी' (१९५१) मिळाला. व्हिस्कीच्या नावानेच पुढे ओळखले गेले. 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) आरशातल्या स्वतःच्या जखमेला मलमपट्टी करणारा अमिताभ पाहून आमचे सगळे कुटुंब हसले होते आणि त्या वेळी आमच्या घरात पिणारे दोन काका होते. मी तेव्हा लहान होतो, पण मला आजही असे वाटते की त्या तीन तासांत आम्हा मुलांची भीती थोडी कमी झाली. ज्याच्या पावलांनी आम्ही दिवे मालवून झोपेचे सोंग घ्यायचो, तोच माणूस पडद्यावर आरशाला पट्टी लावत होता. त्याला हसता येते, हे कळणेसुद्धा मोठे होते. मास्तरांच्या प्रेक्षकांत शिट्टी वाजवणारे सगळे पिणारेच होते असे नाही. काही घरांतली पोरे सूड उगवत असतील.

मागाच्या खोलीत दिवसभर खटखट ऐकल्यावर आमचे लोक का पितात, हा प्रश्न मला कोणत्याही कादंबरीपेक्षा सोपा वाटतो, पण तो या धाग्याचा विषय नाही.

निपाणीकर_अक्का

@मागावरचा, भीती कमी झाली हे खरे असेल. पण सिनेमातून घरी आल्यावर दिवे पुन्हा मालवावे लागले असतील ना?

मागावरचा_वडगाव

होय, अक्का.

कृष्णाकाठ_अथणी

मी मराठी घरातला, पण शाळा कन्नड माध्यमाची, त्यामुळे दोन्हीकडचे थोडे सांगू शकतो.

कन्नडमध्ये दारुड्याला कुडुक म्हणतात आणि कन्नड कवितेत एक अजरामर कुडुक आहे: जी. पी. राजरत्नम यांचा येंडकुडुक रत्न, म्हणजे ताडी पिणारा रत्न. कवी स्वतः पिणारे नव्हते. 'रत्नन पदगळु'तला हा अडाणी, खेडवळ बोलीत बोलणारा रत्न आपल्या बायकोवर, पुट्नंजीवर जीव टाकतो, देवाशी भांडतो, आणि नरकात टाकून जीभ कापली तरी नाकाने कन्नड गाईन म्हणतो. आम्ही शाळेत ही पदे चालीवर म्हणायचो. मास्तरांच्या प्रश्नाच्या कसोटीवर मात्र तोही उतरत नाही. पुट्नंजीला काय वाटते, हे ती स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. जे कळते ते रत्नच सांगतो, आणि प्यालेल्या माणसाचे बायकोवरचे प्रेम हे त्याच्याच तोंडून ऐकण्यात एक धोका असतो.

याच्या उलट टोकाला कन्नड नट डॉ. राजकुमार. पडद्यावर हातात प्याला किंवा सिगारेट न घेणारा नायक अशी त्यांची ओळख होती आणि आमच्या भागात म्हातारी माणसे अजूनही ती अभिमानाने सांगतात. 'जीवन चैत्र' (१९९२) मध्ये तर गावात दारू विकणाऱ्यांच्या विरोधात नायक उभा राहतो. तो सिनेमा आठवतो तो दारूपेक्षा 'नादमय' या गाण्यामुळे, हे खरे; तरी विकणारा कोण हे त्याने विचारले, म्हणून त्याची नोंद इथे करतो.

सारायीची, म्हणजे देशी दारूची, पाकिटे ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. प्लास्टिकची छोटी पिशवी, कोपरा दाताने तोडायचा आणि उभ्या उभ्या तोंडात रिकामी करायची. प्याला, बाटली, मैफल, शेर, यातले काहीच नाही. शाळेच्या वाटेवर गटारात त्या पिशव्यांचा थर असायचा. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायी बंद झाली आणि पिशव्या गेल्या. नंतर पुठ्ठ्याच्या डब्यातली नव्वद मिलीची 'नाइंटी' आली. आपल्या सिनेमातला दारुड्या अजून काचेच्या बाटलीतून पितो, कारण पाकीट चोखणारा माणूस देखणा दिसत नाही.

चंदगडी

सीमेच्या या, महाराष्ट्राच्या बाजूचा एक प्रतिसाद. विकणारा कोण, पाजणारा कोण, हा प्रश्न विचारणारा सर्वांत धारदार मराठी चित्रपट 'सामना' आहे, याचे नाव इतका वेळ कोणी कसे घेतले नाही? विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो गेला होता. डॉ. लागूंचा मास्तर हा गळ्यापर्यंत बुडालेला मद्यपी आहे आणि निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील त्याला घरी ठेवून घेतो, खाऊ घालतो, पाजतो. तोंड बंद ठेवायचे असेल तर त्यात दारू ओतत राहावी, हे पाटलाला कळते. मास्तर तरीही मारुती कांबळेचे काय झाले, हे विचारत राहतो. शुद्धीवर असलेल्या गावाने जे विचारले नाही ते बेशुद्ध माणूस विचारतो.

पाटील साखर कारखान्याचा आहे, हेही आपल्या मुलखाने लक्षात घ्यावे. कारखान्याच्या मळीपासून स्पिरिट होते आणि स्पिरिटापासून दारू होते. ऊस आपण लावतो, तोडणीचा पगार आपल्यालाच होतो आणि तो पगार कुठल्या दुकानात जातो, ते मास्तरांनी वर लिहिले आहे. आमच्याकडे देशीचे परवान्याचे दुकान असते, तुमच्याकडे सारायी बंद, आणि घाटाखाली गोव्यात स्वस्त. कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासतात म्हणून काही पिणारे थांबत नाहीत, भाव तेवढा पाहतात.

आमच्या बाजूला गावातले दुकान बंद करायचे तर बायकांनी मागणी करून मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी मतदानाला आली नाही, तिचेही मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखे होते. त्या सकाळी कोणाच्या घरात कडी बाहेरून लागली, कोणाला माहेरी धाडले गेले, कोणाला शेतावर काम निघाले, हे मी पाहिलेले आहे. मास्तर, तीन अंकी नाटक त्या एका दिवसात आहे, आणि त्यात दारुड्याला रंगमंचावर आणण्याचीही गरज नाही.

परिचारिका_बेळगाव

मी व्यसनमुक्तीच्या कक्षात काम केले आहे. साहित्याबद्दल अधिकाराने बोलू शकत नाही, पण सिनेमात दारू सोडतानाचे जे दृश्य असते त्याबद्दल बोलते, कारण त्याचा त्रास आम्हाला प्रत्यक्ष होतो.

ते दृश्य असे असते: नायिका किंवा आई शपथ घालते, नायक बाटली भिंतीवर फोडतो, एका गाण्यात दाढी होते आणि तो कामाला लागतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली, तर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, मेलेली माणसे हाका मारतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. यावर वेळेत उपचार झाले नाहीत, तर माणूस जाऊ शकतो. आपल्याकडे भंडारा उचलून शपथ घेतात, माळ घालतात. श्रद्धेला माझा मुळीच विरोध नाही, माळेने कित्येकांना वर्षानुवर्षे टिकवलेले मी पाहिले आहे. पण माळ घातल्यावर तिसऱ्या रात्री तो भिंतीशी बोलू लागला की घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली, आणि देवऋष्याकडे नेतात. त्या रात्री त्याला दवाखाना हवा असतो, ब-१ जीवनसत्त्व हवे असते, झटके रोखणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हवी असतात.

१९४५ च्या 'द लॉस्ट वीकेंड' या अमेरिकी चित्रपटात हा भ्रम दाखवला आहे. नायकाला भिंतीतून उंदीर बाहेर येताना आणि वटवाघूळ त्या उंदरावर झडप घालताना दिसते. आमच्या प्रशिक्षणाच्या वेळी एका डॉक्टरांनी तो तुकडा दाखवला होता. मी तेव्हा घाबरले, पण नंतर कक्षात पहिला असा रुग्ण आला तेव्हा मला त्याचा उपयोग झाला.

दुसरी गोष्ट गुपचूप देण्याच्या गोळीची. जेवणात मिसळून द्या, आपोआप सुटेल, असे सांगून जे विकले जाते त्यात डायसल्फिराम असू शकते. हे खरे औषध आहे, १९४८ पासून त्याचा वापर ठाऊक आहे, पण ते रुग्णाला सांगून, तपासण्या करून द्यायचे असते. त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. नकळत दिले तर जिवावर बेतू शकते. मालिकांत सून सासऱ्याच्या वरणात पुडी टाकते आणि घर सुखी होते, तेव्हा मी टीव्ही बंद करते.

आणि देवदासाचे मरण. शरत्बाबूंच्या कादंबरीवरचे १९३६, १९५५ आणि २००२ चे हिंदी चित्रपट सर्वांनी पाहिले असतील. तिन्हींत तो पारोच्या दारात झाडाखाली मरतो आणि शेवटपर्यंत त्याचा चेहरा सुंदर राहतो. यकृत गेलेल्या माणसाचे पोट पाण्याने तट्ट फुगते, हातपाय काड्या होतात, डोळे हळदीसारखे पिवळे होतात. पोटातून एका वेळी कित्येक लिटर पाणी काढताना मी बाजूला बसले आहे आणि तो माणूस मला माझ्या पगाराबद्दल विचारत होता. ते कोणी लिहिले तर मी वाचेन.

घरात असा रुग्ण असेल त्यांच्यासाठी: टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीत आणि कन्नडमध्येही बोलतो.

रंगपट_टिळकवाडी

परिचारिका ताई, आपला प्रतिसाद वाचून 'साहिब बीबी और गुलाम'मधली (१९६२) छोटी बहू आठवली. नवऱ्याला घरी थांबवण्यासाठी ती प्यायला लागते आणि मग तिला थांबवणारे कोणी उरत नाही. मीनाकुमारीच्या स्वतःच्या आयुष्याची सावली त्या भूमिकेवर आपण मागाहून पाहतो. १९७२ मध्ये यकृताच्याच आजाराने त्या गेल्या. त्याच १९७२ मध्ये मराठीत तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' हे नाटक आले आणि त्यातली चंपा पिते ती सखारामाचा स्पर्श सहन व्हावा म्हणून. भूल म्हणून दारू. अक्का म्हणतात तो हिशेब करणारी बाई यांतही नाही, पण दारू बाईच्या कशाकशाला पुरते, ते तेंडुलकरांनी लिहिले.

नाव_नको

या संकेतस्थळावर मी वाचकच असतो. बारा वर्षांपासून मी प्यालेलो नाही. त्याआधी अठरा वर्षे प्यायलो. आजही मद्यपींच्या सभेत बोलायला उभा राहिलो की "मी मद्यपी आहे" अशीच सुरुवात करतो, वर्तमानकाळात.

ताईंनी सांगितलेला सिनेमा मला पुतण्याने लॅपटॉपवर दाखवला. उंदीर-वटवाघूळ राहू द्या, मला हादरवले ते सुरुवातीच्या दृश्याने. नायकाने बाटली दोरीला बांधून खिडकीबाहेर लोंबकळत ठेवलेली आहे, पुढे एक बाटली दिव्याच्या काचेत लपवलेली आहे आणि कुठे लपवली हे तोच विसरला आहे. माझी कडब्याच्या गंजीत असायची. एकदा पावसाळ्यात गंज खाली खाली होत गेली आणि वैरण काढायला गेलेल्या माझ्या आईच्या हाताला बाटली लागली. तिने ती बाटली ओतून दिली नाही. होती तिथे परत ठेवली आणि त्या बाजूचा कडबा काढायचे बंद केले. हे मला तिने मी सोडल्यानंतर सहा वर्षांनी सांगितले. न्यूयॉर्कच्या माणसाची लपवण्याची रीत आणि आमच्या वाडीतल्या माणसाची रीत एकच कशी, याचे मला नवल वाटत राहिले.

मास्तर, आपण कारणाबद्दल विचारले आहे. मी आपल्याला माझी वीस कारणे सांगू शकलो असतो. जमिनीची वाटणी, भावाचा स्वभाव, एक नोकरी हुकली होती ती. प्रत्येक कारण खरे होते आणि प्रत्येक कारण मी प्यायला लागल्यानंतर शोधलेले होते. लेखक जेव्हा दारुड्याला कारण देतो, तेव्हा तो दारुड्यावर विश्वास ठेवतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि सोडल्यानंतरचे दाखवायचे झाले, तर संध्याकाळी सात वाजताचा कंटाळा दाखवावा. पहिले वर्षभर मला रोज सात वाजता काय करायचे हेच कळत नसे. मी गुरांचे दावे सोडून पुन्हा बांधायचो. घरातले माझ्याकडे बघायचे आणि मी बघितले की नजर वळवायचे. भाचीच्या लग्नात बायको पंगतीत बसली, पण तिचे लक्ष मांडवाच्या मागच्या बाजूला कोण कोण गेले तिकडे होते. मी तिच्यासमोरच बसून जेवत होतो, तरीही.

मास्तर_खानापूर (धागाकर्ता)

मंडळी, उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, क्षमा असावी. तालमी सुरू झाल्या आहेत.

गडकऱ्यांबद्दल रंगपट यांचे म्हणणे मान्य. संहिता सार्वजनिक वाचनालयातून आणून पुन्हा वाचली आणि सुधाकर काम मागायला जातो तो भाग माझ्या स्मरणातून साफ गळला होता, हे कबूल करतो. चंदगडी यांची मतदानाच्या दिवसाची कल्पना मोठी आहे. ती लिहायला माझ्यापेक्षा समर्थ माणूस हवा.

यंदा आम्ही जुनेच कौटुंबिक नाटक करत आहोत आणि दारुड्याही ठेवला आहे, कारण त्याच्याशिवाय यात्रा कमिटी नाटकाला हो म्हणत नाही. तो नेहमीप्रमाणे हसवून विंगेत जाईल. पण पडदा न पाडता दिवे मंद करायचे आणि तो त्याच बाटलीसह घरी येतो असा सहा-सात मिनिटांचा प्रवेश मी लिहिला आहे. त्यात संवाद फार थोडे आहेत. काम करणारा मुलगा पहिल्या दिवशी गोंधळला. घरात शिरतानाही तो झुलतच होता. त्याला सांगितले की प्यालेला माणूस घराच्या उंबऱ्याशी आला की आपण प्यालेलो नाही असे दाखवायला धडपडतो, पाय मोजून टाकतो, चपला नको तितक्या नीट ठेवतो. त्याने चार-पाच वेळा करून पाहिले आणि मग विचारले, "गुरुजी, मग लोकांनी हसायचं कुठं?"

ज्या बाईंनी गेल्या वर्षी मला टोकले, त्यांना मी घरी जाऊन, माझ्या पत्नीला बरोबर घेऊन, हा प्रवेश वाचून दाखवला. माझ्या लिखाणात नवरा दार वाजवतो आणि बायको उठून कडी काढते, असे होते. त्यांनी तिथेच थांबवले. "कडी अगोदरच काढून ठेवायची असत्या, गुरुजी. त्यानं वाजवली की शेजारची उठत्यात." मी ते वाक्य खोडले. आता ती आधी उठते, कडी हलकेच काढते, परत अंथरुणावर पडते आणि डोळे मिटून घेते.

नटी दोन दिवस आधी कोल्हापूरहून येते. तिला हे सगळे समजावून सांगायला त्या बाई तालमीला यायला तयार झाल्या आहेत, आपले नाव कुठे येऊ नये एवढ्या बोलीवर.

अडचण एकच राहिली आहे. या सहा-सात मिनिटांत माइकवरून बक्षिसांची नावे पुकारू नयेत अशी विनंती मी कमिटीला केली आहे. त्यांचे म्हणणे असे आहे की नावे पुकारली नाहीत तर बक्षिसे येणार नाहीत आणि लाइटवाल्याचे भाडे त्याच पैशातून जाते. सोमवारी पुन्हा बैठक आहे.